तीन सेकंदांचा मासा

[पडदा काळा. आधी फक्त पाण्याचा आवाज. मग पहाटेचा उजेड, देवदारांची रांग, खाली दगडांतून वाहणारा ओढा.]

हा आवाज फलाचणचा. हिमाचलच्या कुलू जिल्ह्यात, बंजारच्या पुढे गुशैणी नावाचं गाव आहे. तिथे फलाचण येऊन तीर्थन नदीला मिळते. वर डोंगरात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, 2014 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. आपण मात्र आज तेवढं वर जाणार नाही. आपण जाणार आहोत ते दोन-चार ढांगांत ओलांडता येतील अशा ओढ्यांवर. इथली माणसं त्यांना नाला म्हणतात, कुठे खड्ड म्हणतात.

या पाण्यात ट्राउट मासा आहे. इथला मूळचा रहिवासी मात्र तो नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ब्राउन ट्राउट काश्मीरात रुजवला आणि तिथून त्याची अंडी कुलूत आली. इथला अस्सल मासा म्हणजे स्नो ट्राउट. त्याच्या नावात ट्राउट असलं, तरी कूळ आपल्या रोहू-कटल्याचं.

मी पुण्याहून इथे येतो तो फोटो काढायला. गळ टाकतो माझा मित्र, आणि लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतो. मत्स्य विभागाचा परवाना त्याच्या खिशात असतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे माशांच्या विणीच्या काळात, आम्ही इकडे फिरकत नाही. तेव्हा मासेमारी बंद असते.

[जुने फोटो एकामागून एक. हसरा चेहरा, हातात मासा, मागे पांढरं पडलेलं आकाश.]

हे माझ्या पहिल्या फेरीतले फोटो. नीट बघा. माशाचं तोंड उघडं आहे, अंग कोरडं पडत चाललंय, एका ठिकाणी बोटं थेट कल्ल्यांत गेली आहेत. त्या दिवशी माझ्या पाठीवर तीन किलोंच्या वर वजन होतं. मोठा कॅमेरा, दोन जाड झूम लेन्स, तिपाई. मित्राला मासा लागला तेव्हा माझ्या कॅमेऱ्यावर लांब पल्ल्याची लेन्स होती. मी ओरडलो, "थांब, थांब, सोडू नकोस!" बॅग उतरवली, चेन उघडली, लेन्स बदलली. मित्र माझ्यासाठी मासा हातात धरून उभा.

सोडला तेव्हा मासा कुशीवर वळला. पांढरं पोट वर.

आमच्या सोबत गावातला एक वाटाड्या होता. तो काही न बोलता गुडघाभर पाण्यात उतरला, दोन्ही हात ओले केले, माशाला सरळ केलं आणि तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवलं. कल्ले हलेनात. मग एकदा हलले. मग पुन्हा. बऱ्याच वेळाने शेपटीने एक फटका मारला आणि मासा दगडाखाली गेला. वाटाड्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "भाईजी, पानी में रखो."

पुण्यात परतल्यावर मी वाचत बसलो. 1992 साली कॅनडात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सापडला. रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवलं, आणि मग काहींना पाण्याबाहेर ठेवलं. पाण्यातच राहिलेल्या दमलेल्या माशांपैकी 88 टक्के जगले. तीस सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 62 टक्के. एक मिनिट ठेवलेल्यांपैकी फक्त 28 टक्के. माझी लेन्स बदलायला एक मिनिट नक्की लागलं होतं.

माझी सगळी कॅमेरा-निवड या आकड्यांपाशी सुरू होते. मेगापिक्सेल किती, सेन्सर केवढा, हे प्रश्न नंतरचे. कॅमेरा हातात यायला किती वेळ लागतो, हे मी आधी बघतो.

[जवळून: छातीवरच्या पट्ट्यात अडकवलेला छोटा कॅमेरा. अंगठ्याने खटका दाबला, कॅमेरा हातात.]

आता माझ्या छातीवर हा असतो. मायक्रो फोर थर्ड्स जातीचा, म्हणजे जरा लहान सेन्सरचा, ओएम-5. बॅटरी धरून सव्वाचारशे ग्रॅमच्या आत. त्यावर 12-45 मिलिमीटरची एकच झूम लेन्स, अडीचशे ग्रॅमची, आणि ती दिवसभर बदलायची नाही. रुंद दरीपासून हातातल्या माशापर्यंत सगळं तिच्यात बसतं. या कॅमेऱ्याला आयपी-53 दर्जा आहे, म्हणजे तुषार आणि पावसाची सर तो सोसेल. पण डोहात पडला तर संपलं. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा अंधाऱ्या घळीत यापेक्षा स्वच्छ चित्र देतो, हे खरंच आहे. तरीही मी हाच नेईन, कारण मोठा कॅमेरा माझ्याकडे होता तेव्हा तो बॅगेत होता.

गळ्यातला लांब पट्टाही मी काढून टाकला. ओढ्यात माणूस सारखा वाकतो, आणि वाकलं की गळ्यातला कॅमेरा पुढे झोके घेतो आणि दगडावर आपटतो किंवा पाण्यात बुडतो.

खिशात दुसरा कॅमेरा, टफ टीजी-7. सुमारे अडीचशे ग्रॅम, कुठल्याही वेगळ्या आवरणाशिवाय पंधरा मीटर खोल चालतो. सेन्सर नखाएवढा, त्यामुळे सावलीत चित्र दाणेदार येतं. पण मासा जाळीत, पाण्यातच असताना हा कॅमेरा सरळ त्याच्या शेजारी बुडवता येतो. आणि याची मायक्रोस्कोप सोय वस्तूपासून एक सेंटिमीटरवर फोकस धरते. ओढ्यातला एखादा दगड उलटा करून बघा. खाली वाळूच्या कणांनी विणलेली इवलीशी नळी चिकटलेली असते, आणि तिच्यातून डोकं काढणारी कॅडिस अळी. ट्राउटचं जेवण हेच. याचा फोटो काढा, आणि दगड जसा होता तसाच परत ठेवा.

[पाण्याचा पृष्ठभाग. नुसती चकाकी. हळूहळू चकाकी विरते, तळाचे गोटे दिसतात, मग एक सावली, मग मासा.]

हे जे आत्ता झालं, ते पोलरायझरने. लेन्सवरचं हे काळपट भिंग फिरवलं की पाण्यावरची झळाळी जाते. पण कुठूनही बघितलं तर जात नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून बघितलं, तर परिणाम सगळ्यात जास्त. सरळ वरून वाकून बघाल तर भिंग फिरवून काही उपयोग नाही. उजेड मात्र दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणून देवदारांच्या गर्द सावलीत शिरलो की मी ते काढून ठेवतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल, तर कॅमेरा उभा धरल्यावर स्क्रीन काळी दिसू शकते. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका, गॉगल कपाळावर सरकवा.

आपण माशाला बघतो तसा मासाही आपल्याला बघतो. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं सगळं जग त्याला एका गोल खिडकीत दिसतं. त्या खिडकीचा कोन सुमारे 97 अंश. पाण्यालगतच्या वस्तू तिच्या कडेला दाबल्या जातात, चपट्या होतात. म्हणून उभा माणूस दिसतो आणि बसका माणूस सहसा निसटतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा आम्ही ओढ्याच्या खालच्या अंगाने वर, त्याच्या पाठीमागून जातो. पुढे मित्र, मागे मी, गुडघ्यांवर. त्याच्या रॉडच्या हाताकडे मी कधीच नसतो. मागे झेपावणाऱ्या दोरीच्या टोकाला गळ असतो. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय मी तिथे उभाही राहत नाही.

[दोरीचा वळसा हवेत थबकलेला. मागे काळी सावली, दोरीवर ऊन.]

दोरीचा असा वळसा हवा असेल तर शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद. पाणी रेशमासारखं हवं असेल तर आठवा भाग, आणि कॅमेरा एखाद्या दगडावर टेकवून. तिपाई मी आता नेत नाही. घळीतलं ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी येतं. अशा वेळी मी उजळ भागाला सांभाळतो, सावली काळी पडली तरी चालेल. ओल्या माशाचं अंग आरशासारखं असतं. ते फोटोत एकदा पांढरंफटक पडलं, की ब्राउन ट्राउटच्या अंगावरचे फिकट कड्यांतले लाल ठिपके कुठूनच परत आणता येत नाहीत.

गारठलेला कॅमेरा संध्याकाळी तंदूर, म्हणजे खोली उबदार ठेवणारी इथली लाकडांची शेगडी, पेटलेल्या खोलीत उघडू नका. लाकडांच्या उबेने भिंगावर धुकं धरतं. तासभर बॅगेतच राहू द्या.

[दुपार. एक लहान डोह. मित्र वाकलेला, जाळी पाण्यात.]

आता बघा. मासा जाळीत आहे, जाळी पाण्यात आहे. गळाच्या टोकाला अडकवणारा उलटा काटा ठेवलेला नाही, त्यामुळे गळ सहज निघतो. माझा फोकस आधीच जुळवलेला, शटर ठरलेलं. मित्राने हात ओले केले, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तो थर म्हणजे त्याचं कवच. तो माझ्याकडे बघतो. मी मान हलवतो. तो मोजतो, "एक, दोन…"

मासा वर येतो, पाण्याच्या अगदी वीतभर वर. पोटाखालून धारा गळतायत. खटक्, खटक्, खटक्. "तीन." मासा पुन्हा पाण्यात.

तीन फोटो आले. एकात डोळा तीक्ष्ण आहे, दोन हलले. आणि हा चौथा, टफने पाण्याखालून घेतलेला. उघडे तळहात, त्यांच्या मधली रिकामी जागा, उडालेली थोडी वाळू, आणि कडेला निसटती शेपटी.

वाटाड्याने हा फोटो मागून घेतला. त्याच्या घरात, तंदूरमागच्या भिंतीवर तो लावलाय.

[पाण्याचा आवाज वाढत जातो. चित्र विझतं.]