पंधरा खणांचा नंबर

(दृश्य: मार्केट यार्डातला गाळा. पोती, काटा, कोपऱ्यात संगणक.)

निवेदन:
सकाळची घाई. गिऱ्हाईक जीएसटी नंबर सांगतंय, काउंटरवरचा मुलगा टाइप करतोय. सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्र. गोव्याचा असता तर ३०. पुढे दहा खणांचा पॅन. मुलगा 'सेव्ह' दाबतो आणि खाली लाल ओळ उमटते: 'नंबर तपासा.'

आठव्या खणात शून्याऐवजी इंग्रजी ओ पडलाय. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. हा साचा ठाऊक असलेलं सॉफ्टवेअर तिथं ओ घेतच नाही.

पण ३ च्या जागी ८ पडला असता तर? साचा शाबूतच राहतो. त्यासाठी शेवटचा, पंधरावा खण. तो आधीच्या चौदांवरून गणितानं निघतो. त्यातलं एक जरी चुकलं तरी जुळत नाही. हे कळायला इंटरनेटही लागत नाही. इथं सुटलेली चूक रिटर्नमध्ये गेली, तर बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, दिसतच नाही. त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं, आणि मग फोन येतो.

(दृश्य: दोन काउंटर, दोन स्क्रीन.)

आता बिल नंबर. आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच वापरायचा, असा नियम. इथं आम्ही प्रोग्रामर फसतो, मीही फसलोय. दोन्ही काउंटर एकाच क्षणी विचारतात, '१४२ नंबर वापरलाय का?' डेटाबेस दोघांनाही खरंच सांगतो: नाही. दोघंही सेव्ह करतात. एका नंबराची दोन बिलं! तपासणी बरोबरच होती, पण विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहिली होती. ती बुजते डेटाबेसमधल्या टेबलवरच्या युनिक कन्स्ट्रेंटनं, म्हणजे 'हा नंबर दोनदा घ्यायचा नाही' या डेटाबेसलाच घातलेल्या अटीनं. दुसरं बिल डेटाबेस स्वतः परत पाठवतो. मात्र तो एरर जसाच्या तसा स्क्रीनवर फेकू नये. 'डुप्लिकेट की' वाचून काउंटरवरच्या पोरानं करायचं काय?

सक्तीचाही अतिरेक होतो. आडनावाचा रकाना सक्तीचा केला, की आडनाव न लावणाऱ्यासाठी तिथं टिंब पडतं. टिंब रिकामं नसतं, त्यामुळे ते सुखरूप आत जातं.

(दृश्य: पुन्हा गाळा.)

ओ काढून शून्य टाकला. पंधराही खण जुळले, बिल सेव्ह झालं. प्रिंट हातात घेत शेठ चष्मा कपाळावर सरकवतात.

"अहो, हा तर तुमच्या भावाच्या दुकानाचा नंबर ना?"