लिस्बन, १९१०: गादी कशी गेली

पोर्तुगालची राजेशाही ५ ऑक्टोबर १९१० ला संपली. तारीख बरोबर आहे, पण तिची पत त्याआधी वीस वर्षे उतरत होती.

पहिला धक्का बाहेरून बसला. अंगोला आणि मोझांबिक यांच्यामधला मुलूख आपला, असा पोर्तुगालचा दावा. ११ जानेवारी १८९० ला ब्रिटनने निर्वाणीचा खलिता धाडला: तिथले सैन्य मागे घ्या. राजा कार्लुश गादीवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. सरकारने मान तुकवली, आणि देशाभिमानाची भाषा रिपब्लिकनांच्या, म्हणजे राजाऐवजी प्रजासत्ताक मागणाऱ्यांच्या, तोंडी गेली. पुढे १८९२ मध्ये सरकारी कर्जफेडच अडली.

संसदेत दोन राजनिष्ठ पक्ष आळीपाळीने सत्तेवर येत. आधी सरकार बदलायचे आणि मग त्याला हवे तसे बहुमत निवडणुकीत उभे करायचे, असा रिवाज होता. १९०१ च्या निवडणूक कायद्याने तर लिस्बनचे मतदारसंघ तोडून त्यांना आसपासची खेडी जोडली, म्हणजे शहरातली रिपब्लिकन मते बुडावीत.

माझ्या मते खरा घाव उचलींचा. राजघराणे संसदेच्या मंजुरीविना तिजोरीतून उचल घेत होते, हे १९०६ मध्ये सभागृहात उघड झाले. पंतप्रधान झुआंव फ्रांकु यांनी १९०७ च्या मे महिन्यात संसद विसर्जित केली आणि ऑगस्टमध्ये हुकूम काढून तो हिशेब मिटवला. वर राजाचा तनखाही वाढवला. संसदेपुढे तो हिशेब आलाच नाही, त्यामुळे संशय राजावर कायमचा चिकटला. फ्रांकुंच्या हुकूमशाहीचे खापरही त्याच्याच माथी फुटले, कारण त्यांना पाठीशी घालणारा तोच होता. १ फेब्रुवारी १९०८ ला भर चौकात राजा आणि युवराज यांचा खून झाला. राजाचा धाकटा मुलगा, अठरा वर्षांचा मानुएल, गादीवर आला. त्याच्या पावणेतीन वर्षांत सहा मंत्रिमंडळे झाली. राजनिष्ठ म्हणवणारेच एकमेकांना पाडत होते.

एवढे असूनही ऑक्टोबर १९१० चा रिपब्लिकनांचा उठाव फसायच्याच बेतात होता. ४ ऑक्टोबरच्या पहाटे सारे बुडाले असे समजून उठावाचे एक नेते अ‍ॅडमिरल कांदिदु दुश रैश यांनी आत्महत्या केली. लिस्बनच्या रोटुंडा चौकात जमलेल्या बंडखोरांतले बहुतेक अधिकारी निघून गेले. मागे राहिले ते माशादु सांतुश, नौदलाच्या हिशेब-पुरवठा शाखेतले एक कनिष्ठ अधिकारी, आणि थोडे शिपाई व सशस्त्र नागरिक. समोर रोसियू चौकात सरकारी फौज संख्येने कितीतरी जास्त होती. ती हललीच नाही. राजाच्या बाजूचे अधिकारी पाइवा कोसैरू यांनी तोफा घेऊन हल्ला चढवला, पण त्यांना साथ मिळेना. दुपारी बंडखोर युद्धनौकांनी राजवाड्यावर गोळे टाकले आणि मानुएल लिस्बनबाहेर माफ्राला निघून गेला. दुसऱ्या सकाळी परदेशी नागरिकांना बाहेर काढायला युद्धतहकुबी मागण्यासाठी जर्मन वकिलातीचा अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला. लोकांना वाटले फौज शरण आली! गर्दी रस्त्यावर उतरली, शिपाई तिच्यात मिसळले, आणि नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झाले. बाकीच्या देशाला ते बव्हंशी तारेने कळले. मानुएल एरिसैरा या किनाऱ्यावरच्या गावाहून जहाजाने जिब्राल्टरला गेला.

नव्या सरकारने घाई केली. २० एप्रिल १९११ च्या कायद्याने चर्च आणि सरकार यांची फारकत झाली. गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची वाट या राजवटीत मोकळी झाली. घटस्फोटाचा हुकूम तर ३ नोव्हेंबर १९१० चा, राज्य हाती येऊन महिनाही झाला नव्हता. गोव्यातल्या घटस्फोटाच्या दाव्यांत त्याची कलमे अजून निघतात.