गुळाला परतावा, औषधाला नाही

(कोल्हापुरातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'औषधं, उपकरणं आणि सरकारी नियमन'. एवढा मोठा विषय तासाभरात उरकत नाही, म्हणून आज फक्त एका कलमावर बोलतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम २६. दुकानातून विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क हे कलम तुम्हाला देतं. इतकी वर्षं ते कायद्यात आहे, पण घरोघरी कुणाला ठाऊक नाही. मात्र त्याआधी जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण सांगावं लागेल, नाहीतर ते कलम कशाला हवं हेच कळणार नाही.

१९८६ सालचा जानेवारी-फेब्रुवारी. मुंबईत जे. जे. मध्ये काही रुग्णांना मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ग्लिसरॉल पाजत होते. त्या काळचा रोजचा उपचार. त्यातले चौदा जण गेले, आणि तेही मूळ दुखण्यानं नव्हे. लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. कारखान्यात वापरायचा माल औषध म्हणून वॉर्डात कसा शिरला, याचा एकेक टप्पा त्यांनी उघडा पाडला. अन्न व औषध प्रशासनाची तर त्या अहवालात पार सालटी काढली आहेत.

आता हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? दोन्ही द्रव पारदर्शक, दोन्ही दाट, दोन्ही गोड. जीभ, नाक, डोळे यांपैकी कशालाच फरक कळत नाही. एक औषधात चालतं, दुसरं ब्रेक ऑइलमध्ये जातं, आणि हे दुसरं स्वस्त पडतं. पिंपावरचं लेबल बदललं की काम झालं. खोकल्याच्या सिरपमध्ये ग्लिसरीन, म्हणजे तेच ग्लिसरॉल, किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, तिथंही धोका हाच. खरं तर आलेल्या प्रत्येक पिंपातून नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजायची चाचणी, करायची, आणि भेसळ ०.१ टक्क्याच्या वर गेली की पिंप परत पाठवायचं. गडबड इथेच होते. दहा पिंपं येतात, एक उघडतात, उरलेल्या नवांसाठी पुरवठादाराचा दाखला फायलीला टाचतात.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सिरप पिऊन लहान मुलं दगावली, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल किती निघालं? ४८.६ टक्के. हा ०.१ च्या मर्यादेवर जरा जास्त, अशातला प्रकार नाही. बाटलीत जवळजवळ निम्मं तेच.

मधली एक गोष्ट राहिली. २०२२ मध्ये गांबियात मुलं गेली, बोट आपल्याकडच्या सिरपांकडे दाखवलं गेलं, आणि जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला आधी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. इथं कोल्हापुरात मिरजकर तिकटीला विकायच्या बाटलीला मात्र अशी सक्ती लागली नाही. बोटीवर चढणाऱ्या बाटलीची परीक्षा, आपल्या पोराच्या बाटलीला ढकलपास! (हशा)

हसताय, पण आपलंही बघा. कोल्हापूरकर मटण घेताना खाटकाची उलटतपासणी घेतो; चाप दाखव, गुर्दा दाखव, बोकड कुठला ते सांग. आणि मेडिकलमध्ये गेला की, "खोकल्याचं एक द्या." बिल नको, कारण पिशवीत कागद वाढतो! स्ट्रिप कापून चार गोळ्या घ्यायच्या, बॅच नंबर आणि मुदत राहते दुकानदाराकडच्या तुकड्यावर. उद्या ती बॅच परत मागवली, तर तुमच्या गोळ्या त्यातल्या की नाहीत हे कसं कळणार?

इथल्या आयांसाठी दोन गोष्टी. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन ही सर्दी-खोकल्याच्या औषधातली जोडी चार वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही, तशी सूचना लेबलवर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला आहे. आणि सिरप चालू असताना पोराला उलट्या होऊन लघवी कमी झाली, तर "पाणी कमी प्यालाय" म्हणत घरी थांबू नका. सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, गाठा, आणि बाटली बरोबर न्या. उरलेलं मोरीत ओतलं तर पुरावाही गेला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

कलम २६. एकाच बॅचच्या सीलबंद बाटल्या घ्या, एकीवर भागेलच असं नाही. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. सील फोडू नका, फोडलंत तर भेसळ तुम्हीच केली असं म्हणायला समोरचा मोकळा. अर्ज नमुना १४-अ मध्ये, सोबत ठरलेलं शुल्क. अहवाल सहीनिशी नमुना १४-ब मध्ये मिळतो. औषध नापास झालं, तर कलम ३२ प्रमाणे झळ पोचलेली व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते, सरकारी औषध निरीक्षकाची वाट बघायची गरज नाही. निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे सीलबंद भाग करून एक दुकानदाराला देतो, एक न्यायालयासाठी राखतो. तुमच्या नमुन्याला ते कवच नाही, म्हणून एक बाटली न उघडता घरी ठेवा.

आता माझी तक्रार. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० बघा. यार्डातून गुळाची ढेप घेतली, रंगावरून हायड्रोसचा, म्हणजे गूळ उजळ करायच्या रसायनाचा, संशय आला, तपासायला दिली आणि गूळ नापास झाला, तर भरलेलं शुल्क परत मिळतं. फक्त घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हा तपासायला देणार आहे. कलम २६ मध्ये परताव्याचा शब्द नाही. विष निघालं तरी तपासणीचा खर्च तुमचाच. दुरुस्ती एका वाक्याची आहे, खासदार-आमदारांकडे तेवढीच मागा. आणि अर्ज-नमुना स्वीकारायला जिल्ह्याच्या कार्यालयात एक खिडकी मागा.

उपकरणं राहिलीच. १ एप्रिल २०२० पासून बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर हेही औषधाच्या व्याख्येत आलेत. खोक्यावर परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नका. नमुना १४-अ च्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, जाताना न्या.