चौदा बाय वीसचं घर आणि चारशे पीचची झाडं

हेरिटेज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर किल्ला येतो, वाडा येतो, फार तर एखादं देऊळ. शेतातली शेड कुणाच्याच डोळ्यासमोर येत नाही, कारण शेड म्हणजे कधी ना कधी पाडायचीच गोष्ट अशी आपली पक्की समजूत असते. मी आज अमेरिकेतल्या नेब्रास्काबद्दल बोलणार आहे, तिथे नव्याने येऊन शेती सुरू करणाऱ्यांनी हाताला लागेल त्यातून उभी केलेली घरं आणि गोठे, आणि माझं म्हणणं असं की या इमारतींमध्ये जपण्यासारखं जे काही आहे ते त्यांच्या ठिगळांमध्ये आहे, आणि नीटनेटकं करायच्या नादात आपण आधी तेच उडवतो.

आधी कायदा बघू, कारण ही घरं कायद्यामुळे जन्माला आली. 20 मे 1862 ला लिंकनने होमस्टेड अ‍ॅक्टवर सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो लागू झाला. 160 एकर सरकारी जमीन, फी तेवढी भरायची, बाकी फुकट, पण अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून हे सगळं खरंच केलं असं दाखवायचं, तेव्हा कुठे कागदावर नाव लागणार. म्हणजे घर हे डोक्यावरचं छप्पर होतंच, पण तो पुरावाही होता. लोकांनी पळवाटाही काढल्या, चाकांवरची खोली या जमिनीवरून त्या जमिनीवर फिरवल्याचे किस्से तिकडे अजून रंगवून सांगतात. आणि 'सरकारी' जमीन हा शब्दही तसा गुळमुळीतच, मी ज्या भागाबद्दल सांगतोय तो ओटो-मिसुरिया या तिथल्या मूळनिवासी लोकांचा मुलूख, 1854 च्या तहात बहुतेक सगळा गेला आणि उरलेल्या तुकड्यावरून 1881 मध्ये त्यांना ओक्लाहोमाकडे हलवलं. हे सोडून ‘पायोनियर’ लोकांचं कौतुक करता येतं, पण ते अर्धवट होतं.

तर बिअ‍ॅट्रिस गावाजवळ डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने कायदा लागू झाला त्याच दिवशी अर्ज टाकला. त्याने नंतर दिलेला पुरावा आजही वाचायला मिळतो आणि तो मला कुठल्याही स्मारकापेक्षा भारी वाटतो. घर 14 बाय 20 फूट, एक मजली, काही भाग ओंडक्यांचा, काही चौकट-फळ्यांचा, दोन दारं, दोन खिडक्या, जमिनीला फळ्या. सुमारे 35 एकर नांगरलेलं. एक तबेला, मक्याची कणगी, मेंढ्यांची 100 फूट लांब शेड, सफरचंदाची 40 झाडं आणि पीचची सुमारे 400. आता बघा, माणसांना 20 फूट आणि मेंढ्यांना 100 फूट! तो माणूस पैसा कुठे लावत होता हे या एका ओळीत कळतं, आणि घर अर्धं ओंडक्यांचं अर्धं फळ्यांचं का, तर माझा अंदाज, जसं मिळत गेलं तसं जोडत गेला.

मग तिथे आज काय आहे? त्याची एकही इमारत नाही. 1936 मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली, जमीन धुपून गेली होती म्हणून 1939 पासून तिथे मूळचं उंच गवत पुन्हा लावायला घेतलं, आणि आज जवळपास 100 एकर सुंदर गवताळ कुरण आहे. गवत मलाही आवडतं, पण गंमत अशी की शेतीचं स्मारक करताना शेतच गेलं. आणि लोक ज्या लाकडी घरासमोर फोटो काढतात ते फ्रीमनचं नाहीच, ते पामर-एपर्ड केबिन, 1867 चं, दुसऱ्याच शेतावरचं, 1950 मध्ये इथे आणून ठेवलेलं. 14 बाय 16 फुटांत आई-बाप आणि दहा मुलं, मग केव्हातरी मागे 10 बाय 12 ची पडवी काढली. मला विचाराल तर त्या घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती पडवी आहे, पण घर उचलून आणलं की विहीर कुठे होती, गोठा कुठल्या अंगाला, वारा कुठून यायचा हे सगळं मागेच राहतं ना.

पश्चिमेकडे गेलं तर लाकूडच नाही. मग लोकांनी नांगराने गवत-मुळांसकट मातीचे पट्टे कापले, साधारण फूटभर रुंद, चार इंच जाड, आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे, सांध्यावर सांधा येणार नाही असे रचले, भिंती दोन-तीन फूट जाड. ही सॉड हाऊसं. भिंत वर्ष-दोन वर्षं बसत राहते, म्हणून खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम फट सोडायचे आणि त्यात चिंध्या कोंबायचे, नाहीतर वरच्या मातीच्या वजनाने काच फुटणार. आणि काच म्हणजे रोख पैसे. 1872 मधला टेकडीच्या उतारात खणून केलेल्या एका घराचा हिशेब आहे, एकूण खर्च पावणेतीन डॉलरच्या आसपास, त्यातली एकटी खिडकी सव्वा डॉलरची! छतातून माती, उंदीर, कधी सापसुद्धा पडायचे म्हणून खाली मांजरपाटासारखं कापड ताणून बांधायचे. मराठवाड्यात माळवदाखाली पावसाळे काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता कुणी डागडुजीला आला आणि ‘ही घाण काय’ म्हणून चिंध्या काढून फटीत फोम भरला, तर घर दिसायला तसंच राहील, पण काच महाग होती हे सांगणारा साक्षीदार गेला.

त्या काळी या घरांची लाजही वाटायची बरं का. सॉलोमन बुचरने 1886 पासून नेब्रास्कातल्याच कस्टर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हिंडून या कुटुंबांचे फोटो काढले, तर एका बाईंनी आपला पायपेटी-ऑर्गन बाहेर अंगणात आणायला लावला पण मातीचं घर फोटोत येऊ दिलं नाही, पूर्वेकडच्या ओळखीच्यांना दिसायला नको म्हणून. बाकीच्यांनी तेवढी लाज धरली नाही म्हणून आज आपल्याला भिंती मोजता येतात.

कॉमस्टॉक गावाजवळ डाउस कुटुंबाचं सॉड हाऊस आहे, 1900 चं, 1959 पर्यंत त्यात राहते लोक होते, आता म्युझियम आहे. तिथे कुणी विचारतो, यातलं ओरिजिनल किती? अहो, मातीचं घर राहतं असतानाही दर वर्षी थोडं नवं होत होतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे जरा बिनकामाचा आहे. विचारायचं ते हे की कुठलं ठिगळ कधी लागलं आणि तेव्हा काय मिळत नव्हतं, आणि आज आपण जे बदलतोय त्याची नोंद कुणी ठेवतंय का. निधी मागायला गेलं की ही नोंद पहिली कापली जाते, छपराला पैसे मिळतात, वहीला मिळत नाहीत.