ठासणीच्या बंदुकीत पर्यायी दारू: जोर नंतर, आधी आग पोहोचते का ते बघा

नमस्कार मंडळी. टेबलावर आहे थॉम्पसन सेंटरची हॉकेन, पॉइंट ५० कॅलिबर. मुळात ही ११ नंबरच्या टोपीवर, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, उडणारी ठासणीची बंदूक. या बंदुकीची निपल, म्हणजे टोपी बसवायची पोकळ नळकांडी, काढून तिथे २०९ प्रायमरचा (शॉटगनच्या काडतुसात असतो तो, टोपीपेक्षा जास्त आग देणारा) अडॅप्टर बसवलाय. अमेरिकेत असे बदल सर्रास होतात, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: आता यात कुठली दारू भरायची?

पहिली गोष्ट आट्यांची. थॉम्पसन सेंटरच्या निपलचे आटे पाव इंची, इंचाला २८. स्पेनमध्ये बनलेल्या बऱ्याच जुन्या बंदुकांचे आटे ६ मिलिमीटर, १ मिलिमीटर पिचचे. सहा मिलिमीटरची निपल पाव इंची भोकात शिरते, थोडी धरल्यासारखीही वाटते. पण बार उडाला की तीच निपल गोळीसारखी मागे, तोंडावर येऊ शकते. हाताने फिरवताना हलली, डुगडुगली, तर तिथेच थांबायचं.

आता दारू. खरी काळी दारू सहज पेटते. तिच्या जागी वापरायच्या पर्यायी दारूला जास्त उष्णता लागते. सगळी गोम इथेच आहे. हॉकेनमध्ये आग सरळ जात नाही. निपलमधून खाली उतरते, वळते, मग नळीच्या मागच्या टोकाच्या अरुंद कोठीतून नळीत शिरते. त्या वाटेत तेलाचा थेंब राहिला तर दारूचा काही दोष नसताना बार फुकट जातो. म्हणून भरण्याआधी गज बाहेर ठेवून, नळी सुरक्षित दिशेला धरून दोन टोप्या किंवा प्रायमर उडवा. नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याकडे केलं तर ते पातं हललं पाहिजे. हललं नाही तर वाट बुजलेली आहे.

पायरोडेक्स आरएस, म्हणजे १९७६ साली आलेली जुनी पर्यायी दारू, अशा बंदुकीत नीट चालते. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू, एफएफजी म्हणजे मध्यम दाण्याची, तीसुद्धा चालते, पण तेवढ्याच मापात ती काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जास्त जोर देते. म्हणजे ८० ग्रेन (दारू मोजायचं छोटं एकक) काळ्या दारूच्या जागी ६८ ते ७०. गंधक नसल्यामुळे ती पाण्याने साफ होते, मात्र गोळी बसते तिथे राखेचं कडक कडं जमतं. दुसरी गोळी ठासताना गज मध्येच अडतो तो त्याच्यामुळे. प्रत्येक बारानंतर एक ओलसर फडकं, मग एक कोरडं. २०९ प्रायमर जितका तिखट, तितकं कडं जास्त. म्हणून सौम्य प्रायमर निवडा.

ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी दारू मात्र इथे नको. अडॅप्टर २०९ चा असला तरी ती इन-लाइन बंदुकीसाठी आहे, जिथे प्रायमर दारूच्या थेट मागे बसतो. वळण घेऊन आलेल्या आगीने ती कधी उशिरा पेटते, कधी पेटतच नाही. दाबून बनवलेल्या पायरोडेक्सच्या गोळ्यांचंही तेच: अरुंद कोठीत उतरत नाहीत, वरच अडकतात आणि मध्ये पोकळी राहते. चकमकीच्या बंदुकीत तर रंजक म्हणून, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी बाहेरची चिमूटभर दारू म्हणून, खरी काळी दारूच हवी. आणि काडतुसातली धूरविरहित दारू कधीच नाही, चिमूटभरसुद्धा नाही. नळी फुटते.

माप नेहमी आकारमानाने घ्या. मापातलं १०० ग्रेन पायरोडेक्स तराजूवर ७० च्या आसपास भरतं. कुणी हुशारीने तराजूवर १०० तोललं, तर त्याने प्रत्यक्षात १४० चं माप भरलं! ५० ते ६० ने सुरुवात करा, पाच-पाचने वाढवा, आणि बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नका. दारू मापातूनच नळीत ओता, डब्यातून थेट कधीही नाही. गोळी दारूला घट्ट टेकली पाहिजे. मध्ये जागा राहिली तर नळी फुगते. एकदा नीट बसली की गजावर खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली, की गोळी पूर्ण बसलेली नाही.

घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबा.

साफसफाई त्याच दिवशी. पायरोडेक्समध्ये परक्लोरेट असतं, मागे क्लोराइड उरतं आणि हवेतला ओलावा ओढून रात्रीत गंज चढतो. निपल काढा, गरम साबणपाणी त्या वळणातून ओढा, पूर्ण कोरडं करा, मग तेल.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी नाही. तुमच्या दारूगोळ्याचे नियम परवान्यावर आहेत.

अमेरिकेतल्यांनी आपल्या राज्याचा नियम बघूनच बदल करावा. कोलोरॅडोत मझललोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या, शिकारीच्या हंगामात दारूच्या दाबलेल्या गोळ्या चालत नाहीत, सुटीच दारू लागते. आयडाहोत फक्त मझललोडरसाठी राखलेल्या हंगामात २०९ प्रायमरच चालत नाही. तेव्हा काढलेली जुनी निपल टाकून देऊ नका.