चिप झोपली, बोर्ड जागाच

[दृश्य: टेबलावर एक छोटा बोर्ड, त्यावर लाल ठिपका, शेजारी मल्टिमीटर.]

हा बोर्ड आत्ता काहीच करत नाहीये. त्यावरची एटीमेगा ३२८पी ही चिप पॉवर-डाउनमध्ये, म्हणजे सर्वांत खोल झोपेत, गेली आहे, तिचं मुख्य घड्याळ थांबलं आहे. डेटाशीटप्रमाणे ३ व्होल्टला, फक्त वॉचडॉग टायमर (ठरावीक वेळाने चिपला उठवणारा टायमर) चालू ठेवून, तिने साधारण ४ मायक्रोअँपिअर घ्यायला हवेत. मीटर मात्र दोन मिलिअँपिअरच्या आसपास दाखवतंय, म्हणजे पाचशे पट. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी या वेगाने १००० तासांत, बेचाळीस दिवसांतच रिकामी होईल.

डेटाशीट खोटं बोलत नाही. त्यातला आकडा एकट्या चिपचा आहे, आणि बॅटरीला जोडलेला असतो अख्खा बोर्ड.

गळती शोधण्याआधी मोजणी नीट हवी, कारण इथेच बरेच जण फसतात. मीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये बॅटरी आणि बोर्ड यांच्यामध्ये एक रोध येतो, मीटरप्रमाणे १०० ओहमपासून १ किलोओहमपर्यंत. बोर्ड झोपलेला असताना त्याने काही बिघडत नाही. पण जागा झालेला बोर्ड २० मिलिअँपिअर मागू लागला, की १०० ओहमवरच २ व्होल्ट पडतात. चिपला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, ती रीसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा पडते. आणि पाहणाऱ्याला वाटतं, प्रोग्रॅम चुकलाय. उपाय साधा आहे: मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये एक स्विच लावा. बोर्ड सुरू होताना तो ऑन ठेवून मीटर वगळा, बोर्ड झोपला की ऑफ करा आणि आकडा वाचा.

[दृश्य: सोल्डरिंग आयर्नचं टोक एलईडीशेजारच्या रेझिस्टरवर.]

आता तो लाल ठिपका. पॉवर एलईडीशी सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर ३.३ व्होल्टला जवळपास दीड मिलिअँपिअर एकटा तोच खातो. दोन मिलिअँपिअरमधला सर्वांत मोठा वाटा हाच. एलईडी उचकटण्यापेक्षा शेजारचा रेझिस्टर काढणं सोपं. दोन्ही टोकांवर थोडं ताजं सोल्डर चढवायचं, दोन्हीकडे आळीपाळीने उष्णता द्यायची आणि चिमट्याने उचलायचं. जोर लावला तर खालचा तांब्याचा पॅडच उखडून येतो.

दुसरा संशयित व्होल्टेज रेग्युलेटर. तुमच्या बोर्डवर तो एएमएस १११७ जातीचा असेल तर पुढचं सगळं काम थांबवून आधी तो बदला. लोड शून्य असला तरी स्वतःला चालू ठेवायला तो सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. त्याच्या जागी एमसीपी १७०० लावला, तर हाच खर्च १.६ मायक्रोअँपिअरवर येतो. मात्र त्याची इनपुट मर्यादा ६ व्होल्ट आहे. ९ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालणार नाही. शिवाय तो २५० मिलिअँपिअरपर्यंतच देतो, त्यामुळे बोर्डला वाय-फाय जोडलेलं असेल तर त्याच्या झटक्यासाठी आउटपुटला मोठा कपॅसिटर लागतो.

रेग्युलेटरच नको असेल, तर दोन अल्कलाइन सेल थेट चिपच्या व्हीसीसी (वीजपुरवठ्याच्या) पिनला जोडता येतात. पण इथे एक खाच आहे. ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झच्या प्रो मिनी बोर्डवर ब्राउन-आउटचा फ्यूज (व्होल्टेज कितीखाली गेला की चिपने रीसेट व्हायचं, ते ठरवणारी चिपमधली सेटिंग) सहसा २.७ व्होल्टवर लावलेला असतो. सेलमध्ये अजून बरीच ऊर्जा शिल्लक असताना चिप रीसेटमध्ये अडकते. फ्यूज १.८ व्होल्टवर आणा आणि घड्याळ ४ मेगाहर्ट्झ किंवा त्याखाली ठेवा. ८ मेगाहर्ट्झला या चिपला साधारण २.४ व्होल्ट हवेतच. जुना रेग्युलेटर मात्र बोर्डवर तसाच सोडू नका, आउटपुटच्या बाजूने त्यात प्रवाह शिरत राहतो.

यूएसबी-सिरियल चिप (संगणकाशी संवाद साधणारी) असलेल्या बोर्डांत आणखी एक छुपी वाट असते. त्या चिपचा पुरवठा तोडला, तरी मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे मुख्य चिपची, टीएक्स (डेटा पाठवणारी) पिन उंच पातळीवर राहिली, तर पिनच्या संरक्षक डायोडमधून ती चिप अर्धवट जागी राहते. झोपण्याआधी टीएक्स खाली खेचणं किंवा इनपुट करणं एवढ्याने ते थांबतं.

[दृश्य: पडद्यावर कोडच्या ओळी.]

हार्डवेअर आवरलं की प्रोग्रॅमकडे या. पॉवर-डाउनमध्ये गेल्यावर एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा चिपमधला भाग) आपोआप बंद होतो, हा समज चुकीचा आहे. तो चालू सोडला तर शेकडो मायक्रोअँपिअर घेत राहतो. त्यामुळे झोपण्याआधी त्याचं नियंत्रण करणारं एडीसीएसआरए रजिस्टर शून्य करायचं, उठल्यावर जुनं मूल्य परत भरायचं. ब्राउन-आउट डिटेक्टर आणखी वीसेक मायक्रोअँपिअर खातो. तो झोपेपुरता बंद करता येतो, पण त्याला वेळेचं बंधन आहे: बंद करण्याची आज्ञा दिल्यापासून घड्याळाच्या तीन ठोक्यांच्या आत झोपेची आज्ञा यायला हवी. मध्ये एखादी सिरियल प्रिंटची ओळ घुसली, की डिटेक्टर गुपचूप चालूच राहतो, आणि कोड वाचून चूक दिसत नाही. इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) आधी बंद ठेवायचे, आणि झोपेच्या अगदी आधीच्या सूचनेत चालू करायचे. नावात शेवटी ‘पी’ नसलेल्या एटीमेगा ३२८मध्ये ही सोयच नाही, म्हणून चिप घेताना ते एक अक्षर नीट पाहा.

वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदांची झोप देतो. पंधरा मिनिटांनी मोजमाप हवं असेल तर मध्ये ११२ वेळा उठून परत झोपावं लागतं. बाहेरच्या क्रिस्टलच्या (अचूक ठोके देणाऱ्या स्फटिकाच्या) घड्याळावर चालणारी चिप प्रत्येक वेळी, फ्यूजप्रमाणे, १६,३८४ ठोके थांबते. ८ मेगाहर्ट्झला ते दोन मिलिसेकंद झाले. अंतर्गत आरसी घड्याळावर हीच वाट सहा ठोक्यांची. सिरियल संवाद अचूक लागत नसेल, तर क्रिस्टल सोडण्यात फायदा आहे.

आता बाहेरची जोडणी. दाराचा रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) दार लावलेलं असताना जमिनीला जोडलेला असेल आणि चिपचा अंतर्गत पुल-अप (पिन उंच पातळीवर धरून ठेवणारा रेझिस्टर) वापरला असेल, तर २० ते ५० किलोओहममधून ६६ ते १६५ मायक्रोअँपिअर सतत वाहतात. बाहेरून १ मेगाओहम लावला की ३.३ मायक्रोअँपिअर. बॅटरीचा व्होल्टेज मोजण्यासाठी तो अर्धा करणाऱ्या दोन रेझिस्टरच्या विभाजकाचंही तसंच. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ४.२ व्होल्टला २१० मायक्रोअँपिअर घेतात, १ मेगाओहमचे दोन फक्त २.१. पण एवढ्या मोठ्या रोधातून एडीसी नीट भरत नाही, आकडे चुकतात. त्यासाठी एडीसीच्या पिनपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावायचा.

सेन्सरचा पुरवठा झोपेत तोडणं उत्तम. दोन-चार मिलिअँपिअर मागणारा सेन्सर सरळ एका पिनवरून चालवता येतो. त्याहून मोठ्याला पी-चॅनल मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर), आणि त्याच्या गेटपासून सोर्सपर्यंत १०० किलोओहम, म्हणजे रीसेटच्या क्षणीही तो बंदच राहील. पुरवठा तोडताना आय-टू-सीच्या (सेन्सरशी संवादाच्या) तारांवरचे पुल-अपही त्याच तुटणाऱ्या बाजूला हवेत. नाहीतर सेन्सर त्या तारांतून वीज ओढत राहतो. एसएक्स १२७६सारखा लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा) रेडिओ मात्र आज्ञा दिल्याशिवाय झोपत नाही. स्टँडबायमध्ये तो १.६ मिलिअँपिअर घेतो, स्लीपमध्ये ०.२ मायक्रोअँपिअर.

[दृश्य: बॅटरीच्या जागी मोठा कपॅसिटर, त्यावर मीटर.]

शेवटची तपासणी बॅटरीशिवाय करता येते. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरून बोर्डला जोडा, बॅटरी काढा आणि घड्याळ लावा. १० मायक्रोअँपिअर जात असतील तर ४७ सेकंदांत ०.१ व्होल्ट उतरेल. त्याच्या पाचपट वेळ लागला, तर बोर्ड २ मायक्रोअँपिअरवर आहे. मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःही गळतो, आणि मीटरचा १० मेगाओहमही थोडं घेतो. म्हणून आधी बोर्ड न जोडता तीच परीक्षा घ्या आणि त्यातून निघणारा प्रवाह वजा करा. तरीही आकडा अधूनमधून बदलत असेल, विशेषतः दमट हवेत, तर पिनांमध्ये राहिलेलं फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसा, बोर्ड वाळवा आणि पुन्हा मोजा.