हत्शेपसूत : इजिप्तच्या सिंहासनावरील स्त्री

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्झर शहराच्या समोर, चुनखडीच्या उंच कड्याला पाठ लावून दैर अल्-बहरीचे तीन टप्प्यांचे मंदिर उभे आहे. ते इसवी सनापूर्वी १५व्या शतकात हत्शेपसूतने बांधवून घेतले, आणि तेही राजाची पत्नी म्हणून नव्हे, तर स्वतः फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, म्हणून.

पहिल्या थुतमोसची ही कन्या आपला सावत्र भाऊ दुसरा थुतमोस याची पट्टराणी झाली. तो मरण पावला तेव्हा गादीचा वारस, म्हणजे तिच्या सवतीचा मुलगा तिसरा थुतमोस, अगदी लहान होता. आरंभी तिने त्याच्या वतीने कारभार पाहिला. परंतु त्याच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षापर्यंत तिने स्वतःच राजपद धारण केले आणि शिल्पांमध्ये ती राजमुकुट व कृत्रिम दाढी अशा परंपरागत वेषात दिसू लागली. तिने बालराजाला पदच्युत केले नाही, हे आवर्जून सांगायला हवे. दोघांचा काळ एकाच वर्षगणनेने मोजला जात असे.

तिच्या राजवटीचे सर्वांत जिवंत चित्र मंदिराच्या भिंतींवर आहे. नवव्या वर्षी तिची जहाजे तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडच्या पुंत देशाला गेली. शिल्पकारांनी तिथली खांबांवर उभारलेली, शिडीने चढायची घरे कोरली, पुंतचा प्रमुख पराहू व त्याची स्थूलदेही पत्नी अती यांना कोरले, आणि जहाजांखालच्या पाण्यातले मासेसुद्धा वगळले नाहीत. परतताना टोपल्यांत मुळांसकट ठेवलेली सुगंधी धूपाची झाडे आमून देवासाठी आणली गेली.

कर्नाकच्या मंदिरातील तिचा गुलाबी ग्रॅनाइटचा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, आजही उभा आहे. सुमारे ३० मीटर उंचीचा हा अखंड पाषाण आस्वानच्या खाणीतून सात महिन्यांत काढल्याचे तिचाच शिलालेख सांगतो.

तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी तिसऱ्या थुतमोसच्या आज्ञेने तिची नावे व राजवेषातील प्रतिमा खोडण्यात आल्या. केवळ सूडच घ्यायचा असता, तर तो इतका काळ थांबला नसता. आपल्या मुलाच्या वारसाहक्काला आव्हान उरू नये, हा हेतू अधिक पटतो. दैर अल्-बहरीच्या मंदिरातील तिच्या मूर्तीही फोडून जवळच्या खड्ड्यांत टाकल्या होत्या. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या उत्खननात हर्बर्ट विन्लॉक यांच्या पथकाने ते तुकडे शोधून काढले आणि त्यांतून अनेक मूर्ती पुन्हा जुळवण्यात आल्या.